सोलापुरात उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी काम: कुठून सुरू करायचं, कसं टिकवायचं

गड्डा यात्रेच्या दिवसांत थंडी वाढली की सोलापुरात चादरी वाटायला निघणाऱ्यांची वाण नसते. स्टेशनसमोर एकाच रात्री दोन-तीन गट येऊन जातात. एकेका माणसाकडे तीन चादरी होतात, आणि ठेवायला जागा नाही म्हणून त्यातल्या दोन आठवड्याभरात विकल्या जातात. त्यात त्याचा काही दोष नाही. एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर गेला की मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. देणारे या शहरात भरपूर आहेत. त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जाणारे आणि त्याच्या कागदांच्या मागे लागणारे कमी आहेत. हा लेख त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे. मंडळ, महिला बचत गट, निवृत्तांचा कट्टा, कॉलेजची पोरं, कुणालाही ते जमण्यासारखं आहे.

गट किती मोठा हवा

सहा ते आठ जण पुरतात. त्यात दोन बायका हव्यातच, नाहीतर रस्त्यावरच्या बाया मोकळेपणी बोलत नाहीत. एकाला तेलुगू आणि एकाला कन्नड येत असावं. सोलापुरात हे जमवायला लांब जावं लागत नाही, आणि "अक्का, ऊटा आयता?" (जेवण झालं का?) असं कन्नडमध्ये विचारणारा माणूस पाच मिनिटांत जे काढून घेतो, ते मराठीत अर्ध्या तासातही निघत नाही. सगळ्यात महत्त्वाचा गडी म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी ११ ते २ या वेळेत सरकारी कार्यालयात बसू शकणारा. निवृत्त कारकून किंवा शिक्षक मिळाला तर निम्मं काम झालं म्हणायचं. रात्री खिचडी वाटायला वीस जण येतात, मंगळवारी दुपारी तहसीलला जायला एकही नसतो. गट बंद पडतात ते इथेच.

एकच भाग धरा. स्टेशन ते एसटी स्टँड, किंवा सिव्हिलचा परिसर, किंवा सिद्धेश्वर मंदिराभोवतालचा भाग. सगळं शहर अंगावर घेतलं की कुणाचंच काम पूर्ण होत नाही.

आधी मोजणी, मग मदत

दिवसा मोजणी करून उपयोग नाही. रात्री ११ नंतर, दुकानांची शटरं पडल्यावर खरा आकडा दिसतो. निघण्याआधी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला एक साधं पत्र द्या. गटाचं नाव, तारीख, वेळ, सोबत कोण कोण एवढं लिहिलं की पुरे. पोच घ्या. गळ्यात ओळखपत्र ठेवा. झोपलेल्याला उठवायचं नाही, टॉर्च तोंडावर मारायचा नाही, फक्त नोंद करून पुढे जायचं.

एका रात्रीच्या मोजणीवर विसंबू नका. आपल्या आसपास तीन मोठी देवस्थानं आहेत आणि मागून खाणारी माणसं वाराप्रमाणे सरकतात: गुरुवारी अक्कलकोट, मंगळवारी आणि पौर्णिमेला तुळजापूर, एकादशीला पंढरपूर. गुरुवारी रात्री मोजलं तर स्टेशनचा आकडा कमी भरतो आणि "माणसं कमी झाली" असा गैरसमज होतो. महिन्यात तीन रात्री घ्या: एक साधा वार, एक गुरुवार, एक एकादशी किंवा पौर्णिमेच्या आसपासची. तिन्ही वेळा जे तिथेच भेटतात, ते तुमचे कायमचे लोक.

मोजताना कोण कशामुळे उघड्यावर आहे ते लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सिव्हिलच्या आवारात झोपणारे बरेचसे रुग्णांचे नातेवाईक असतात, जिल्ह्यातून किंवा कर्नाटकातून आलेले. त्यांना अंघोळीची सोय, सामान ठेवायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं असतं, कागद नकोत. मोकळ्या मैदानात पाल ठोकून राहणारी भटक्या-विमुक्तांची कुटुंबं वेगळी. त्यांना मुक्काम हलवायचा असतो, पण पोरांची शाळा आणि जातीचा दाखला अडलेला असतो. एकटे मजूर वेगळे, घरच्यांनी सोडलेले म्हातारे वेगळे, मनोरुग्ण वेगळे. आणि भाडं थकल्यामुळे गेल्या महिन्या-दोन महिन्यांत रस्त्यावर आलेलं कुटुंब सगळ्यात वेगळं. अशा कुटुंबाला पहिला नंबर द्या. त्यांची भांडी, पोरांची दप्तरं, कामाची ओळख अजून शाबूत असते. सहा महिने गेले की यातलं काही उरत नाही.

वहीत इतकंच लिहा: नाव (ते सांगतील ते), सोबत कोण, मूळ गाव, इथे किती दिवस, आधार आहे, हरवलं की काढलंच नाही, रेशन कार्ड कुठलं, पोरं किती, आजार काय. शेवटचा रकाना "काय हवंय" आणि त्यात त्यांचेच शब्द. पहिल्या भेटीत जात विचारू नका, फोटो तर अजिबात काढू नका. महाराष्ट्रात १९५९ चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा अजून लागू आहे. भिक्षेकरी म्हणून उचलून नेण्याची धास्ती या माणसांच्या मनात कायम असते. वही घेऊन फिरणारा प्रत्येक जण त्यांना त्याच पथकातला वाटतो. ही वही गटातल्या दोघांपलीकडे कुणाच्या हाती जाता कामा नये.

जेवण: ओळख वाढवायचं निमित्त

आठवड्यातून एकच दिवस, पण तोच वार आणि तीच वेळ. रोज वाटून तीन आठवड्यांत दमण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

१०० जणांच्या खिचडीचा अंदाज असा: तांदूळ ८ किलो, मूगडाळ ३ किलो, तेल दीड लिटर, कांदा आणि टोमॅटो प्रत्येकी ३ किलो, बटाटा-गाजर-वाटाणा मिळून ५ किलो, शेंगदाणे १ किलो, मीठ ४०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, पाणी ३५ लिटरच्या आसपास. माणशी अर्धा किलोच्या जवळ खिचडी पडते. थोडी पातळच ठेवा, डब्यात बसल्यावर ती घट्ट होते. तिखट बेताचं, कारण लहान पोरं आणि पोट बिघडलेले म्हातारे त्यातच आले. गरम भांड्यातून उतरल्यापासून चार तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात दोन तासांच्या आत ती पोटात गेली पाहिजे. "सकाळसाठी ठेवा" म्हणून जादा पाकीट देणं हा हमखास होणारा घोटाळा. मे महिन्यात ती खिचडी सकाळपर्यंत आंबते आणि पोराला जुलाब लागतात.

टिकणारं द्यायचं असेल तर सोलापूरकराला शिकवायला नको: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणीला पाण्याचा हात लागला नसेल तर ती कित्येक दिवस टिकते, भाकरीही कोरडी राहिली तर राहते. ही भाकरी दुकानातून घेण्याऐवजी बायकांच्या बचत गटाकडून घ्या, म्हणजे पैसा गरजू घरातच जातो. दोन गोष्टी सांभाळा. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना कडक भाकरी चावत नाही, त्यांच्यासाठी आमटी किंवा ताक सोबत लागतं. आणि चटणीने तहान लागते, म्हणून पाण्याशिवाय ती वाटू नये.

मंगल कार्यालयातलं उरलेलं अन्न घ्यायचं असेल तर नियम ठरवून टाका. रात्री साडेनऊच्या आत फोन आला आणि पातेलं अजून वाफाळतंय तरच न्यायचं. दही, मठ्ठा, बासुंदी, पनीर, ओल्या खोबऱ्याची चटणी कितीही चांगली दिसली तरी घ्यायची नाही. लग्नघरचा माणूस नाराज होईल, होऊ द्या.

किराणा किट फक्त चूल आणि पत्र्याची पेटी असलेल्या कुटुंबाला द्या. फुटपाथवरच्या बाईला दहा किलो तांदूळ दिला तर तिने तो ठेवायचा कुठे? भिजतो, चोरीला जातो, नाहीतर पडत्या भावात विकला जातो.

कागद: क्रम चुकला की महिने वाया

इथे सावकाश वाचा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. क्रम असा: आधार, मग सिम, मग बँक खातं, मग रेशन, मग अनुदान आणि आरोग्य योजना.

*आधार.* "आधार नाही" म्हणणाऱ्या दहा जणांपैकी बऱ्याच जणांचं ते काढलेलं असतं आणि हरवलेलं असतं. अशा माणसाची नवी नोंदणी केली की बोटांचे ठसे आधीच्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. मग तो पुन्हा भरायचा, पुन्हा फेटाळला जायचा. म्हणून आधी नीट विचारा: रेशन दुकानात, बँकेत, शाळेत कधी मशीनवर अंगठा दिला होता का? दिला असेल तर जुना क्रमांक शोधायचा. १९४७ या क्रमांकावर फोन करा किंवा माणसाला आधार केंद्रावर घेऊन जा. तिथे ठशांवरून नोंद सापडू शकते.

खरोखरच कधी काढलं नसेल आणि पत्त्याचा कागद नसेल, तर आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, खासदार किंवा नगरसेवक ते देऊ शकतात. नमुना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा छापून घ्या. लेटरहेडवर वेगळ्या शब्दांत लिहिलेलं पत्र केंद्रावर परत करतात. फोटोवर सही आणि शिक्का अर्धा-अर्धा आला पाहिजे, खाडाखोड नको, आणि ते प्रमाणपत्र तीनच महिने चालतं. म्हणून केंद्राची वेळ आधी घ्या, सही नंतर. अठरा वर्षांवरच्या माणसाची पहिलीच नोंदणी असेल तर शासनाकडून पडताळणी होते, त्यात काही महिने जाऊ शकतात. पावतीवरचा नोंदणी क्रमांक वहीत उतरवून ठेवा. पावतीची शाई उन्हात उडून जाते.

विडी वळणाऱ्या बायका आणि गवंडीकाम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. मशीन "जुळत नाही" म्हणालं की माणूस खिन्न होऊन निघून जातो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, दहाही बोटं एकेक करून बघायला लावा. तरी नाही जुळलं तर डोळ्यांच्या बुबुळांचा पर्याय मागा. केंद्रचालक तो आपणहून सांगेलच असं नाही.

*मोबाइल.* कार्यकर्त्याने स्वतःचा नंबर वीस जणांच्या आधारला जोडणं ही सोय वाटते, पण ती पुढे फास बनते. तो कार्यकर्ता पुण्याला नोकरीला गेला की वीस जणांचे ओटीपी अडकले. सिम त्या कुटुंबातल्याच कुणाच्या तरी नावावर घ्या आणि नंबर बंद पडणार नाही इतका रिचार्ज गटाच्या पैशातून करा. हा खर्च देणगीदाराला किरकोळ वाटतो, पण तो टाळला तर सगळंच ठप्प होतं.

*बँक.* जनधन खातं आधारवर उघडतं. काहीच कागद नसेल तर "छोटं खातं" मागा. फोटो आणि सही किंवा अंगठा एवढ्यावर ते उघडता येतं. वर्षाला जमा एक लाखापर्यंत, शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला काढता येतात १० हजार. हे खातं बारा महिन्यांसाठी असतं. तेवढ्यात कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर मुदत आणखी बारा महिने वाढते. शाखेत पहिल्यांदा नकार मिळतोच. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत छोट्या खात्याची तरतूद आहे हे शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बहुतेक वेळा अर्ज घेतला जातो.

*रेशन.* कार्ड नवीनच काढायचं असा हट्ट धरू नका. आधी पाहा, गावाकडच्या कार्डावर नाव आहे का. एक देश एक रेशन कार्ड या सोयीमुळे कलबुर्गी, विजापूर किंवा तेलंगणातल्या कार्डावरचं अन्न सुरक्षेचं धान्य सोलापुरातल्या दुकानातूनही उचलता येतं. त्यासाठी कार्डाला आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली हवी. गावाला जाणंयेणं, नाव कमी केल्याचा दाखला, नवा अर्ज हे सगळं त्यामुळे वाचतं.

नवीनच लागणार असेल तर नाव दुसऱ्या कुठल्या कार्डावर नाही ना हे आधी तपासा, नाहीतर संगणक अर्ज अडवतो. महाराष्ट्रात शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. नुसतं केशरी कार्ड मिळालं म्हणजे धान्य सुरू झालं असं नसतं. अन्न सुरक्षा यादीत नाव येणं ही वेगळी पायरी आहे आणि तिथे इष्टांक (ठरलेला कोटा) भरल्याचं सांगितलं जातं. अर्ज देऊन पोच घ्या, तारीख लिहा, दर महिन्याला विचारत राहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हा नियम सगळ्याच कार्यालयांना लागू.

*निराधार अनुदान.* ६५ च्या आतल्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना, ६५ पासून पुढे श्रावणबाळ. उत्पन्नाची साधारण मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास आणि दरमहा १,५०० रुपये (दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००). अर्ज तहसील कार्यालयात. विधवांची फाइल बहुतेक वेळा नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर अडते. मृत्यूची नोंद वर्षभरात झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून वहीत "नवरा वारला" असं आलं की त्याच वेळी कुठे, कधी, दवाखान्यात की घरी हे विचारून ठेवा. अनुदान सुरू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. फुटपाथवरच्या आजीला हे कुणी सांगत नाही, आणि एक दिवस पैसे बंद होतात. तिची तारीख तुमच्या कॅलेंडरवर असली पाहिजे.

*मतदार ओळखपत्र.* घर नसलेल्या माणसाचंही नाव यादीत घेता येतं. नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून जास्त रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं. तसं दिसलं तर पत्त्याचा कागद लागत नाही. त्या रात्री माणूस जागेवर असेल एवढं बघणं आपलं काम. यादीत नाव आलं की प्रभागातल्या पुढाऱ्यांचं वागणं कसं बदलतं, ते निवडणुकीच्या आसपास बघण्यासारखं असतं.

*जातीचा दाखला.* सोलापूरला हा विषय जुना आहे. इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट, म्हणजे बंदिस्त वसाहत, इथे होती, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या कायद्यातून या जमाती सुटल्या. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागितला जातो, आणि पालात जन्मलेल्यांकडे तो कुठून असणार? नातेवाइकांपैकी कुणाचा शाळेचा जुना दाखला, कुणाचं जात वैधता प्रमाणपत्र सापडतं का बघा. काहीच नसेल तर स्थानिक चौकशी करून दाखला द्यावा असा लेखी अर्ज तहसीलदारांकडे करा. वेळ लागतो, म्हणून पोर पहिलीत असतानाच सुरुवात करावी, दहावीत नव्हे.

मूळ कागद कधीही गटाकडे ठेवून घेऊ नका. पावसात भिजतात, अतिक्रमणाच्या कारवाईत गाठोडं उचललं जातं, हे खरं आहे. उपाय म्हणजे चेनची जाड प्लास्टिक पिशवी, डिजिलॉकर, आणि गटाकडे फक्त झेरॉक्स.

आजारपण

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशन कार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. दवाखान्यात गेल्यावर थेट आरोग्यमित्राचं (योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाचं) टेबल गाठा. पैसे भरून झाल्यावर योजना आठवली तर परत मिळवणं फार कटकटीचं. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. भरती होतानाच तिथल्या समाजसेवकाला अर्ज द्या.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायला न्याच. यंत्रमागावर राबलेल्यांच्या बाबतीत "धुळीचा खोकला" म्हणून सोडून देतात. क्षयाचं निदान झालं तर उपचार मोफत आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, म्हणून खातं आधी.

रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला अंघोळ घालून, केस कापून व्हिडिओ टाकायची हौस टाळा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं काम आहे, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर माणसाला सरकारी संस्थेत हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. ११२ ला फोन करा, सोबत जा, नोंद करून घ्या. दाखल झाल्यावर आठवड्याने पुन्हा भेटायला जा. हरवलेल्याचं गाव अनेकदा औषध सुरू झाल्यावर आठवतं.

पोरं

शाळेचा दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो, आणि वयानुसार वर्ग द्यायलाही. जवळच्या महापालिका शाळेत बालरक्षक (शाळेबाहेरची पोरं शाळेत आणणारा) शिक्षक कोण ते विचारा. खरी अडचण प्रवेशाची नसतेच, सकाळच्या अंघोळीची आणि गणवेश वाळवायच्या जागेची असते. ती सोय झाली की पोर टिकतं.

एकटं सापडलेलं मूल कितीही कळवळा आला तरी घरी न्यायचं नाही. १०९८ ला फोन, आणि २४ तासांच्या आत ते बालकल्याण समितीपुढे गेलं पाहिजे. अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, तेव्हा फेसबुकवर फोटोही नाही.

ऊन, पाऊस, थंडी आणि संडास

उन्हाळ्यात पाणपोई हेच सगळ्यात मोठं काम. शहराला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा रांजण कोण, कधी, कुठून भरणार हे ठरवूनच तो ठेवा. रिकामा रांजण ठेवण्यात अर्थ नाही. पाणी स्वच्छ दिसत असलं तरी २० लिटरला ६७ मिलिग्रॅमची एक क्लोरीन गोळी, अर्धा तास थांबून वापर. हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळं किंवा खाली तोटी. अंग तापलेलं आणि बोलणं तुटक झालेलं दिसलं की तो उष्माघात: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

पाऊस आपल्याकडे सप्टेंबरात जोर धरतो, म्हणून ताडपत्री ऑगस्ट संपायच्या आत द्या. थंडीत चादरीइतकीच खाली अंथरायला जाड चटई लागते, गारवा फरशीतून येतो. चादर द्यायचीच तर कारखान्यातला किरकोळ दोषाचा माल स्वस्तात मागा, आणि मोजणीच्या वहीनुसार माणशी एक.

संडासाचा हिशोब मात्र एकदा मांडून बघा. पाच जणांचं कुटुंब, दिवसातून दोनदा, एका वेळचे पाच रुपये धरले तरी दिवसाला ५० आणि महिन्याला १,५०० रुपये. म्हणजे एका निराधार अनुदानाएवढे. सार्वजनिक शौचालय चालवणाऱ्याशी बोलून महिन्याची ठोक रक्कम ठरवा आणि कुटुंबांना पास द्या. याच्यावर कुणी देणगी देत नाही, पण रस्त्यावरच्या बायकांना विचारा, पहिलं नाव त्या याचंच घेतील.

पैसा

नोंदणी नसलेल्या गटाने वर्गणी गोळा करायची तर गणेश मंडळांप्रमाणेच धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. एखाद्याच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड फिरवू नका. पहिल्या वर्षी आधीच नोंदणीकृत असलेल्या संस्थेसोबत काम करणं सोपं जातं. दर महिन्याचा जमाखर्च एका पानावर लिहून ग्रुपवर टाका, त्यात रिक्षाभाडं आणि झेरॉक्सही आली पाहिजे.

छप्पर

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार शहरात लाख लोकसंख्येमागे एक रात्रंदिवस चालणारा निवारा हवा, एकात ५० ते १०० जण आणि माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे नऊ-दहा निवारे. महापालिकेकडे मागणी करताना हा हिशोब आणि तुमची तीन रात्रींची मोजणी सोबत जोडा.

निवाऱ्यात जागा असूनही लोक जात नाहीत, त्याची कारणं ऐकून घ्या. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. गाठोडं ठेवायला कुलपाची जागा नसते. पहाटे चारला मार्केट यार्डात हमालीला निघायचं तर दार बंद. पत्रात इमारतीइतकीच कुटुंबासाठी खोली, लॉकर आणि पहाटे उघडणारं दार यांची मागणी करा.

कायमच्या घरासाठी पंतप्रधान आवास, रमाई आवास अशा योजना आहेत, अर्ज करून ठेवावेत, पण त्यावर आज रात्र निघत नाही. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. सोलापुरातल्या कामगारांनी संघटित होऊन काय मिळवलं याचा तो दाखला आहे. शहराबाहेर घर घेताना रोजच्या कामाला यायचा बसखर्च आधी मोजायचा, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवा.

तोवर भाड्याची खोली. महिन्याला दोन-तीन कुटुंबांपेक्षा जास्त घेऊ नका. अनामत रक्कम गटाने थेट मालकाला द्यावी, पावती गटाच्या नावाने, म्हणजे खोली सोडताना ती फिरून दुसऱ्या कुटुंबाच्या कामी येते. भाडेकरार लेखी करा, तोच पुढे पत्त्याचा पुरावा ठरतो. भाडं ३,००० असेल तर पहिल्या महिन्यात गटाचे ३,०००, दुसऱ्यात २,०००, तिसऱ्यात १,०००, चौथ्यात काही नाही, आणि हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. कामाची जागा चालत अर्ध्या तासाच्या आत असेल अशीच खोली बघा.

खोली मिळाल्यावर पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा जा, त्यातही भाड्याच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात नक्की. दिव्याचं बिल, शेजाऱ्यांची कुरबुर, नवऱ्याचं पिणं, कामात पडलेला खंड यांपैकी काहीतरी दुसऱ्या महिन्यात डोकं वर काढतंच. एखादं कुटुंब खोली सोडून पुन्हा स्टेशनवर दिसलं तर बोल लावू नका. वहीतलं नाव खोडू नका, कागद तयारच आहेत. का सोडली तेवढं त्याच पानावर लिहा आणि पुढची खोली त्या हिशोबाने शोधा.